प्रश्न मुलांना विचारू द्या : ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, कार्यकारिणीचे सभासद, वडीलजन आणि मंडळीतले सर्व आईवडील,

सप्रेम सलाम.

संडे स्कूलचा विषय कार्यकारिणीच्या सभेत बहुधा शेवटी येतो. इमारतीची दुरुस्ती, वर्गणीचा हिशेब, सणांच्या भक्ती, पाहुण्या वक्त्यांच्या तारखा हे सगळं आटोपलं की कोणीतरी आठवण करून देतं, "मुलांचं राहिलं." मग वार्षिक कार्यक्रमाची तारीख, बक्षिसांची रक्कम आणि "यंदा वर्ग कोण घेणार" एवढं ठरतं आणि सभा प्रार्थनेनं संपते. मी मुलांना शिकवते. बक्षिसांबद्दल किंवा नाटकाबद्दल मला काही मागायचं नाही. मागणं एकच आहे, पण ते मंडळीच्या साऱ्या घडीला हात घालणारं आहे. वर्गात प्रश्न विचारण्याचा हक्क मुलांना मिळू द्या, आणि त्या प्रश्नांना सामोरं जाण्याची जबाबदारी एकट्या शिक्षकावर न टाकता साऱ्या मंडळीनं उचला.

हे नव्या जमान्याचं खूळ वाटेल, पण ही रीत पवित्र शास्त्रातली आहे. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाचा, विधी लावून देताना मोशे सांगतो की तुमची मुलं विचारतील, या सेवेचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणले जातात ते याचसाठी, की पुढे मुलांनी विचारावं, हे धोंडे कशाचे? अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितल्यावर थोड्याच ओळींनंतर मुलगा बापाला विचारतो, या विधिनियमांचा अर्थ काय? तिन्ही ठिकाणी क्रम एकच. मुलाला काहीतरी दिसतं, ते विचारतं, आणि मग मोठी माणसं आपल्या सुटकेची हकिकत सांगतात. यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री आजही सहसा सर्वांत धाकटं मूल प्रश्न विचारतं आणि त्यानंतर कथा पुढे सरकते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकतो आणि त्यांना प्रश्न विचारतो. त्याचं बाळपण आणि त्याची सेवा यांच्या मधल्या काळातलं शुभवर्तमानांनी जपलेलं हे एकमेव दृश्य आहे.

आता आपल्या वर्गात काय चालतं ते पाहा. शिक्षक विचारतात, मुलं उत्तर देतात. तारू कोणी बांधलं? जक्कय कोणत्या झाडावर चढला? गल्याथाला कोणी मारलं? उत्तर एका शब्दाचं असतं आणि शिक्षकाला ते आधीच ठाऊक असतं. ज्याचा हात आधी वर जातो ते मूल हुशार ठरतं. एकदा एका लहान मुलीनं मला विचारलं, "गल्याथाला आई नव्हती का?" हे विचारण्यासाठी तिला गोष्ट मनापासून ऐकावी लागली होती आणि मेलेल्या शत्रूसाठीही घरी कोणीतरी रडत असेल, इथपर्यंत पोचावं लागलं होतं. शत्रूंवर प्रीती करण्याची आज्ञा तिला अजून कोणी शिकवली नव्हती, तरी ती त्या आज्ञेच्या उंबरठ्यावर येऊन उभी होती. ठरलेल्या धड्यात मात्र या प्रश्नाला जागा नव्हती. त्या दिवसाचं सुवर्णवचन गल्याथाला मारणाऱ्या दावीदाच्या धैर्याबद्दल होतं.

पाठांतर बंद करा, असं मी म्हणत नाही. लहानपणी तोंडपाठ झालेलं तेविसावं स्तोत्र म्हातारपणी, माणसांची नावंही आठवेनाशी होतात तेव्हासुद्धा ओठांवर येतं, हे आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या प्रत्येकानं पाहिलं आहे. मुलांना वचनं द्यावीत, भरपूर द्यावीत, आणि चालीवर द्यावीत. माझी तक्रार वेगळी आहे. वचन अचूक म्हटलं की तारा मिळतो आणि विषय संपतो. "तू भिऊ नकोस" हे वचन पाठ असलेल्या मुलाला या आठवड्यात कशाची भीती वाटली, हे कोणी विचारत नाही. वेळ नसतो. वेळ का नसतो, तर आपण वर्ग उपदेशाच्या वेळेत बसवला आहे, म्हणजे मोठ्यांना शांतपणे ऐकता यावं. या सोयीला आपण ख्रिस्ती शिक्षण म्हणत आलो आहोत.

ही घडी कुठून आली हे समजून घेतलं तर ती बदलायला भीती वाटणार नाही. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकानं गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. आठवड्याचे सहा दिवस ही मुलं कामाला जुंपलेली असत. रविवार तेवढा मोकळा. म्हणून रविवारी त्यांना वाचायला शिकवलं जाई, बायबल हेच वाचनाचं पुस्तक असे, आणि जोडीला प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न आणि त्यांची ठरलेली उत्तरं अशा रूपातलं धर्मशिक्षणाचं पुस्तक. १७८५ मध्ये लंडनमध्ये अशा शाळांना मदत करणारी संस्था निघाली आणि पाहता पाहता ही चळवळ देशोदेशी पसरली. ज्यांना दुसरी शाळाच नव्हती त्यांच्यासाठी ती शाळा होती, म्हणून तिला बाक, हजेरी, इयत्ता आणि बक्षीस यांची गरज होती. पुढे वाचन शिकवायला रोजच्या शाळा आल्या आणि ते काम संडे स्कूलकडून गेलं. बाक, हजेरी आणि बक्षीस मात्र आपल्याकडे राहिले. आठवड्यातले पाच-सहा दिवस शाळेत आणि शिकवणीत बसलेलं मूल सातव्या दिवशी पुन्हा एका वर्गात बसतं. रेक्सनं त्याच्या काळातल्या मुलांकडे पाहून शाळा काढली. आपणही आपल्या काळातल्या मुलांकडे पाहू या, एवढीच विनंती आहे.

प्रश्नोत्तरीची कथाही अशीच आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२८ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी केली. लोकांना दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नाही, हे पाहून तो हादरला आणि १५२९ मध्ये त्यानं लघु प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्या विभागांच्या मथळ्यातच म्हटलं आहे की कुटुंबप्रमुखानं हे आपल्या घरच्यांना साधेपणानं शिकवावं. ती घरासाठी होती. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न असा आहे की जीवनात आणि मरणात तुझं एकमेव सांत्वन कोणतं? हा प्रश्न एखाद्या चौदा वर्षांच्या मुलापुढे ठेवून, छापील उत्तर बाजूला सारून, त्याला आधी आठवडाभर विचार करू द्या. त्याचं उत्तर ऐकायला वडीलजनांपैकी दोघांनी येऊन बसावं. पाठ केलेलं उत्तर त्यानंतर वाचलं, तर ते त्याला किती वेगळं ऐकू येईल!

मुलांचे प्रश्न दबतात याचं आणखी एक कारण म्हणजे आपण त्यांना देत असलेलं बायबल कापलेलं असतं. नोहाच्या गोष्टीत जिराफ आणि इंद्रधनुष्य राहतात, बुडालेले लोक गळतात. अब्राहामानं आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेलं ही गोष्ट आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून सांगितली जाते आणि मेंढा सापडला की घाईनं आटोपली जाते. "इसहाकाला नंतर बाबांची भीती वाटली का?" असं एका मुलानं विचारलं, तेव्हा वर्गातली सगळी मुलं एकदम गप्प झाली होती. त्या प्रश्नाचं उत्तर बायबलमध्ये नाही. पण विचारणाऱ्या मुलाच्या घरात काय चाललं आहे, हे त्या प्रश्नामुळे कोणाला तरी कळू शकतं. प्रश्न विचारायची मुभाच नसती, तर तेही कळलं नसतं.

आपण लहान मुलांना दुःखापासून दूर ठेवतो असं आपल्याला वाटतं. पण दुःख त्यांच्या घरात आधीच शिरलेलं असतं. "मी रोज प्रार्थना केली तरी आजी गेली, मग देवानं ऐकलं नाही का?" हे वाक्य मुलांना शिकवणाऱ्या बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलं असेल. अशा वेळी "देवाला ती जास्त आवडली" असं सांगणं सोपं आहे आणि ते घातक आहे. मुलाच्या मनात देव हा आवडती माणसं उचलून नेणारा होऊन बसतो. त्यापेक्षा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. विलापगीत उघडा. ईयोब उघडा आणि मुलांना सांगा की ईयोबाच्या मित्रांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं, पण शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि आपला सेवक ईयोब नीट बोलला असं म्हणतो. ज्यानं तक्रार केली, हुज्जत घातली, रडत विचारलं, तो नीट बोलला. किशोरवयातल्या मुलांना हे जेव्हा पहिल्यांदा कळतं, तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात. असं देवाशी बोलता येतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

किशोरवयीन मुलांविषयी मला अधिक मोकळेपणानं लिहायचं आहे, कारण इथे आपण त्यांना गमावतो आहोत.

दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलानं आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करण्याचा विधी, आणि प्रभुभोजन कोणत्या वयात असावं याविषयी ख्रिस्ती परंपरांत एकमत कधीच नव्हतं. ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या बाळालाच बाप्तिस्मा, अभिषेक आणि प्रभुभोजन देतात. रोमन कॅथोलिकांत पोप दहाव्या पायसनं १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे प्रभुभोजनाचं, वय सातच्या आसपास आणलं. प्रॉटेस्टंटांत धर्मसुधारक मार्टिन ब्यूसरच्या पुढाकारानं १५३९ मध्ये जर्मनीतल्या हेसमधल्या त्सीगेनहाइन इथे दृढीकरणाची रीत लागू झाली. वय काहीही ठरवा. मुद्दा हा की आपल्याकडे दृढीकरण निरोपसमारंभासारखं होऊन बसलं आहे. वर्ग भरतात, धडे होतात, पांढऱ्या कपड्यांत फोटो निघतात, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातली निम्मी बाकं रिकामी दिसतात. आपण म्हणतो की अभ्यास वाढला, मोबाइल वाढला, मित्र वाईट मिळाले. असेलही. पण दृढीकरणाच्या वर्गात त्यांना मनातलं काय विचारता आलं होतं?

त्यांचे प्रश्न मी ऐकले आहेत, वर्गात कमी आणि वर्ग सुटल्यावर जास्त. शाळेत शिकवतात ती पृथ्वीची उत्पत्ती आणि बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय यांचं काय करायचं? माझी सर्वांत चांगली मैत्रीण ख्रिस्ती नाही, ती नरकात जाणार का? मंडळीत सगळ्यांपुढे प्रार्थना करणारे घरी हात का उगारतात? माझ्या शरीरात आणि मनात जे चाललं आहे ते पाप आहे का, आणि हे मी कोणाला विचारू? मला देव जाणवतच नाही, म्हणजे मी नाटक करते आहे का? यातला एकही प्रश्न छापील अभ्यासक्रमात सहसा नसतो. मग मुलं उत्तर मोबाइलवर शोधतात, आणि तिथे उत्तर देणाऱ्याला त्यांचं नावही माहीत नसतं.

अशा प्रश्नांमुळे विश्वास डळमळेल, ही भीती मी समजू शकते. पण थोमाचं काय झालं ते पाहा. बाकीचे शिष्य प्रभूला पाहिल्याचं सांगत होते आणि तो म्हणाला, मी विश्वास ठेवणार नाही. योहान पुढे लिहितो की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्याला कोणी बाहेर काढलं नव्हतं, त्याचं तोंड कोणी बंद केलं नव्हतं, म्हणूनच प्रभू आला तेव्हा तो तिथे होता. अमेरिकेतल्या फुलर यूथ इन्स्टिट्यूटनं शाळा संपवून महाविद्यालयात गेलेल्या ख्रिस्ती तरुणांचा अभ्यास केला, त्यातही हेच पुढे आलं की ज्यांना आपल्या शंका बोलून दाखवायला जागा मिळाली त्यांचा विश्वास अधिक प्रौढ होता. "मला माहीत नाही, आपण मिळून शोधू या" असं शिक्षकानं म्हणणं हे कमीपणाचं नाही. मुलांना खोटं लगेच ओळखू येतं, आणि खरेपणाही.

आणि त्यांना काम द्या. १८८१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंड इथे फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकानं तरुणांची जी ख्रिश्चन एंडेव्हर चळवळ सुरू केली, तिचा कणा हाच होता. सभा तरुणांनी चालवायच्या, समित्या त्यांच्याच, आणि प्रत्येक सभासदानं प्रार्थनेत भाग घ्यायचा. आज आपण तरुणांना खुर्च्या मांडायला, ध्वनियंत्रणा सांभाळायला आणि नाताळच्या नाटकाला बोलावतो. पंधरा वर्षांच्या मुलीनं शास्त्रवाचन करावं, आजाऱ्यांच्या भेटीला वडीलजनांबरोबर जावं, मदतनिधी कोणाला द्यायचा या चर्चेत बसावं. तिचं मत मानलं जावंच असं नाही, पण ते ऐकलं जावं आणि मानलं नाही तर कारण सांगितलं जावं.

आईवडिलांनो, आता आपल्याविषयी. आठवड्यातला एक तास मंडळीकडे आहे, बाकीचे सगळे घराकडे. पौल तीमथ्याला त्याच्या विश्वासाची आठवण करून देताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. या शतकाच्या सुरुवातीला समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक किशोरवयीनांचा जो अभ्यास झाला, त्यातही मुलांच्या धार्मिक जीवनावर सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचाच असतो असं दिसलं. आणखी एक गोष्ट त्यात दिसली होती, ती मला जास्त लागते: आपण काय मानतो हे पुष्कळ मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगताच येत नव्हतं. ज्या घरात विश्वासाबद्दल कधी बोलणंच होत नाही, तिथे मुलाला शब्द कुठून मिळणार? आपल्याला सगळं यायला हवं असं नाही. उपासनेहून परतताना "आज तुला काय पटलं नाही?" एवढं विचारून पाहा.

मुलांना उपासनेतून दर रविवारी बाहेर पाठवणं हाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात नियमशास्त्र ऐकायला पुरुष, स्त्रिया आणि परके यांच्याबरोबर मुलंबाळंही गोळा करायला सांगितली आहेत. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, पापांगीकार हे ज्या मुलानं पाहिलंच नाही, ते "या सेवेचा अर्थ काय" असं विचारणार कसं? महिन्यातून निदान एक रविवार सारी मंडळी एकत्र बसावी, उपदेश आखूड असावा, आणि बाळ रडलं तर आईकडे वळून कोणी पाहू नये.

शिक्षकांच्या निवडीबद्दल थोडकंच. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या गळ्यात वर्ग पडतो, ही पद्धत थांबवा. लहान मुलं हातानं, डोळ्यांनी आणि पुनःपुन्हा केल्यानं शिकतात. रोममध्ये १९५४ पासून सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी माँटेसरीच्या पद्धतीवर उत्तम मेंढपाळाची शिकवण उभी केली, तिच्यात तीन वर्षांची मुलं लाकडी मेंढरं स्वतःच्या हातांनी कोंडवाड्यात नेतात, आणि मोठी माणसं कमी बोलतात. हे करायला महागडं साहित्य लागत नाही, पण तयारी लागते, आणि तयारीला वेळ, पुस्तकं आणि प्रशिक्षण लागतं. ज्या मुलाला ऐकू येत नाही, जे एका जागी बसू शकत नाही, ज्याला अक्षर लागत नाही, त्याच्यासाठी वेगळा विचार करायचा तर हे सगळं आणखी लागतं. अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ असू द्या.

एका बाबतीत मात्र मला चर्चा नको, निर्णय हवा आहे. मुलांच्या सुरक्षेचे नियम लेखी असावेत आणि ते पाळकांसह सर्वांना लागू असावेत. एकमेकांच्या नात्यातले नसलेले दोन मोठे वर्गात असल्याशिवाय वर्ग भरू नये. खोलीच्या दाराला काच असावी. नव्या शिक्षकाची पूर्वीची माहिती तपासावी. अल्पवयीन मुलामुलींना कोणी खाजगीत संदेश पाठवू नयेत. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत. आणि तक्रार आली, तर मंडळीचं नाव सांभाळण्यासाठी ती आपसांत मिटवू नये. कायद्यानं जिथे जायला हवी तिथे ती जावी. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयी प्रभू जे बोलला, ते आपण भिंतीवर लिहीत नाही, पण ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. ज्या मुलाला इथे सुरक्षित वाटत नाही, ते कसलाच प्रश्न विचारणार नाही.

येत्या कार्यकारिणीच्या सभेत संडे स्कूलचा विषय पहिला घ्या. सुरक्षेचे नियम त्याच दिवशी मंजूर करा, वर्गाची वेळ उपदेशापासून वेगळी करण्याची तारीख ठरवा, आणि किशोरवयीनांपैकी दोघा-तिघांना सभेला बोलावून त्यांना पहिली पंधरा मिनिटं द्या. त्यांनी काय विचारायचं, हे त्यांना आधी सांगू नका.

आपली, ख्रिस्तात,
संडे स्कूलची एक शिक्षिका